माशाच्या कुळातली सोयरीक

सुकदेव चौधरीची जमत आलेली सोयरीक एका माशाने मोडली, आणि तो मासा मरून सदतीस कोटी वर्षं झाली होती.

यात माशाची काही चूक नव्हती. तो बिचारा कुठल्याशा उथळ पाण्यात, चिखलात पर रोवून, डोकं वर काढायची धडपड करत होता. यावल तालुक्यातल्या प्रमिला पाटीलचं लग्न त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. चूक असलीच तर सुकदेवच्या तोंडाची होती.

सुकदेव बोदवडला हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. वय सव्वीस, पगार वेळेवर, व्यसन एकच: माहीत असलेली गोष्ट सांगितल्याशिवाय त्याला राहवत नसे. न्हाव्यापुढे मान वाकवली की तो माणसाच्या अंगावरचे केस कसे कमी होत गेले ते सांगायला लागायचा, आणि न्हावी वस्तरा हातात धरून ते कमी होईपर्यंत थांबायचा. शेजारच्या तानुबाईंचा म्हातारा गेला तेव्हा तेराव्याच्या पंगतीत सुकदेवने त्यांना धीर दिला होता, की काकू, पृथ्वीवर आजवर जेवढे प्राणी झाले त्यातल्या शंभरातल्या नव्व्याण्णव जाती साफ नामशेष झाल्या, आपण एकट्या नाही. तानुबाईंनी त्या दिवसापासून चौधरींकडे विरजण मागणं बंद केलं.

त्यात त्याच्याकडे दात होता. पूर्णेच्या काठी दरड कोसळली होती, तिच्यात सापडलेला. पावाच्या लादीएवढा, वरून वरवंट्याला टाकी लावावी तसे कंगोरे असलेला, आणि वजनाला इतका की पिशवीचे बंद दर सहा महिन्यांनी बदलावे लागत. हत्तीचा दात. हत्ती हजारो वर्षांपूर्वीचा, दात आता पुरता दगड झालेला. सुकदेव कुठेही गेला तरी हा दात बरोबर असायचा, कारण रस्त्यात कोण भेटेल आणि कोणाला काय सांगावं लागेल याचा नेम नसतो.

मुलगी बघायला यावलला निघताना बरोबर येणाऱ्या त्याच्या आईने, वच्छलाबाईने, त्याला पायरीवरच थांबवलं.

"तिथं तोंड उघडशील ते पोहे खायला," ती म्हणाली. "अन् दात घरी ठेव."

सुकदेवने मान हलवली आणि पिशवी उचलली.

पाटलांचं घर केळीच्या मळ्याला लागून होतं. घरात कर्ते होते चुडामण आबा, मुलीचे आजोबा. मुलीचे वडील रुपचंदभाऊ हेही होते, पण ते आबांसमोर बोलत नसत, फक्त खोकत. खोकल्याचे दोन प्रकार होते, एक होकाराचा आणि एक नकाराचा, आणि आबा दोन्हींकडे लक्ष देत नसत.

प्रमिला पोह्यांच्या बश्या घेऊन आली. जळगावला कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होती, एवढं सुकदेवला सांगितलं होतं. ती बशी ठेवायला वाकली तेव्हा खुर्चीखालची पिशवी जराशी उघडी होती. तिने आत पाहिलं.

"दाढ आहे ना ही?" ती हळूच म्हणाली.

"हत्तीचा दात," सुकदेव म्हणाला.

"तेच. दात नाही, दाढ."

आणि ती आत गेली. सुकदेव हातात बशी धरून तसाच बसला. तीन वर्षं तो ती वस्तू तालुकाभर दात म्हणून मिरवत होता, आणि इतक्या दिवसांत त्याला कोणी दुरुस्त केलं नव्हतं. लोक एकतर "असं का" म्हणायचे नाहीतर गाडी आली म्हणून निघून जायचे. पोहे संपायच्या आत त्याचं ठरलं की लग्न करीन तर हिच्याशीच. तिचंही ठरलं असावं, कारण दुसरी बशी आली तिच्यात शेंगदाणे जास्त होते.

देण्याघेण्याचं बोलणं आधीच झालं होतं. राहिली होती फक्त कुळं तपासायची. त्यासाठी पाटलांनी धुळ्याकडचा भाट बोलावून ठेवला होता, तोताराम नावाचा. भाट म्हणजे घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ असलेला माणूस. चारसहा वर्षांनी उगवतो, ओसरीवर बैठक मारतो, तुमच्या खापरपणज्याचं नाव तुम्हालाच सांगतो आणि धोतरजोडी घेऊन जातो. सोयरीक जुळवताना तो दोन्ही घराण्यांच्या पिढ्या मागे मागे म्हणत जातो. कुठे एक नाव दोन्हीकडे निघालं तर ती भाऊबंदकी, आणि भाऊबंदकीत लग्न नाही. नाही निघालं तर सुपारी फोडायची.

तोतारामने डोळे मिटले आणि सुरू केलं. पाटलांची बाजू म्हणून झाली, चौधरींची म्हणून झाली. मूळपुरुष वेगळे, गावं वेगळी, कुलदैवतं वेगळी. आबांनी अडकित्त्यात सुपारी धरली. रुपचंदभाऊ होकाराचं खोकले. आतल्या दारात बांगड्या वाजल्या.

तोतारामने डोळे उघडले, पाण्याचा घोट घेतला आणि सहज, शेवट करावा म्हणून, बोलला:

"याना मांगे कोनलेच काही माहीत नही."

याच्या मागचं कोणालाच काही माहीत नाही. हे वाक्य सुकदेवच्या देखत कोणी बोलू नये. वच्छलाबाईने त्याच्या धोतराला हात घातला असता, पण तो पँट घालून आला होता.

"आहे माहीत," सुकदेव म्हणाला.

मग पिशवीतून दाढ निघाली, आणि हत्ती गाळाखाली जाऊन दगड कसा झाला ते सांगून झालं. पुढचा पाऊण तास सुकदेव मागे मागे जात राहिला. मूळपुरुषाच्या आधीचा माणूस, त्याच्या आधीचा माकडासारखा, त्याच्या आधीचा उंदरासारखा, त्याच्या आधीचा पालीसारखा, आणि सर्वांच्या आधी तो मासा, ज्याने पहिल्यांदा चिखलात पर टेकले. त्या परांचे पुढे पाय झाले, पायांचे हात झाले, आणि त्यातल्याच एका हाताने आबांनी आत्ता अडकित्ता धरलाय, असं त्याने सांगितलं. आबांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

मग आबा उठून आत गेले. वच्छलाबाईला वाटलं, काठी आणायला गेले. ते परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत अशीच एक दाढ होती, सुकदेवच्या दाढेपेक्षा थोरली.

मळ्यातली विहीर खणताना ती खूप खाली पिवळ्या मातीत लागली होती. आबा तेव्हा तरणे होते. हे काय आहे, असं त्यांनी तलाठ्याला विचारलं, मामलेदाराला विचारलं, एका बुवाला विचारलं. तलाठी म्हणाला दगड, मामलेदार म्हणाला अर्ज करा, बुवा म्हणाला राक्षस. तेव्हापासून ती लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून होती, आणि आबा दरवर्षी कैऱ्यांच्या दिवसांत तिच्याकडे बघून विचारात पडत. ही वस्तू काय आणि माझ्या केळीखाली इतक्या खोल गेली कशी, याचं धड उत्तर त्यांना आज पहिल्यांदा मिळालं होतं.

"दाढेचं तुम्ही खरं सांगितलं," आबा म्हणाले. "म्हंजे माशाचं बी खरंच असनार."

"अगदी खरं."

"तो मासा तुमच्या घराण्याचा मूळपुरुष."

"हो."

"अन् आमच्या?"

"तोच," सुकदेव आनंदाने म्हणाला. नववी ब च्या अख्ख्या वर्गाला जे वर्षभरात कळलं नव्हतं ते इथे एका बैठकीत कळलं होतं. "सगळ्यांचा तोच, आबा. आपण सगळे एकाच कुळातले."

आबांनी अडकित्त्यातून सुपारी काढून ताटात ठेवली.

"मंग कशी फोडू, मास्तर?" ते म्हणाले. "एका कुळात पोरगी देत नसतात."

पेढ्यांचा पुडा जसा बांधून आला होता तसा आत गेला. परतीच्या एस.टी.त वच्छलाबाई भुसावळपर्यंत एक शब्द बोलली नाही. भुसावळला गाडी बदलताना म्हणाली, "तू मुका जन्मला असतास तरी चाललं असतं." आणि बोदवडपर्यंत पुन्हा गप्प.

सुकदेवची पंचाईत ही होती, की आयुष्यात त्याचं बोलणं संपूर्ण मान्य करणारा एकच माणूस त्याला भेटला होता आणि तो नेमका मुलीचा आजा निघाला. आबांना कोणीतरी हसून "मास्तरांचं काय मनावर घेता" म्हणालं, तर आबा त्याला लोणच्याची बरणी उघडून दाखवायचे. कोणी विचारलं, की मग आबा, तुमचं आणि आक्काबाईचं लग्न झालं त्याचं काय, तर आबा शांतपणे सांगायचे की नकळत घडलं त्याला दोष नसतो, कळल्यावर करेल त्याला असतो.

आणि मासा तालुक्यात पसरला. पसरवला तोतारामने. बाकीचे भाट मूळपुरुषापाशी थांबत, हा आता त्याच्याही मागे जायला लागला. "पहिला पुरुष मासा, मासाना पोऱ्या बेंडूक," असं तो हात वर करून सुरू करायचा, आणि लांबी वाढली म्हणून धोतरजोडीवर एक उपरणं जास्त मागायचा. बेडूक हा माशाचा थेट मुलगा नव्हे, असं त्याला सांगायला सुकदेव तिथे नव्हता. मग मानपान आला. ज्या घराने उपरणं बरं दिलं त्यांचा मासा पाण्यातून आधी बाहेर आला, ज्यांनी जुनं दिलं त्यांचा मागून आला. एका गावात दोन भाऊबंदांचं यावरून बोलणं बंद झालं. दुसऱ्या गावात एकाने, आपण सगळे एकाच कुळातले म्हटल्यावर, शेजाऱ्याच्या मळ्यात वाटा मागितला. कौतिक नावाच्या एका पोराने, ज्याला लग्न तसंही करायचं नव्हतं, भर बैठकीत माशाचं नाव घेतलं आणि तो सुटला. यावलच्या बाजारात लिलाबाई मासे विकायची, तिची गिऱ्हाईकं आता मासा तोलला की आधी त्याला हात जोडायची. घ्यायचे ते मात्र घेऊन जायची.

इकडे सुकदेवचं जेवण सुटलं. वर्गात तो उत्क्रांतीच्या धड्यापाशी आला की पान उलटून चुंबकत्व शिकवायचा. शेवटी एका रविवारी त्याने मनाचा हिय्या केला. खोटं बोलायचं. आबा, मासा नव्हताच, मी चेष्टा केली, एवढंच वाक्य. बोदवड ते यावल तो ते पुटपुटत गेला. शेजारच्या बाईला वाटलं स्तोत्र आहे, तिने त्याला खिडकीची जागा दिली.

आबा मळ्यातच होते, घडांना टेकू लावत. सुकदेवने आधी हिशेबाचा रस्ता धरून पाहिला. सात पिढ्यांनंतर नातं सुटतं म्हणतात, इथे तर पिढ्या मोजता येणार नाहीत इतक्या झाल्या, असं तो म्हणाला. आबा म्हणाले, नातं सुटतं, कूळ सुटत नाही. आमचा बांधाचा दावा माझ्या आज्याच्या वेळचा आहे, तो सुटला का?

मग सुकदेवने घसा साफ केला.

"आबा, तो मासा…"

आबांनी टेकू खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. चाळीस वर्षं दाढेकडे पाहिलं होतं तसं, आता हा काय सांगतो म्हणून.

"बोला."

सुकदेवच्या तोंडातून वाक्य निघेना. पाठ झालेलं वाक्य, पण जणू दगड झालेलं.

"हे बघा मास्तर," आबाच म्हणाले. "तुम्ही खरं बोलले असाल, तर मले पोरगी देता येत नाही. अन् खोटं बोलले असाल, तर खोटारड्याले पोरगी देनार कोन? मी बी लई विचार केला. पोर चांगली, पोरगा चांगला, दोघांचं मन हाये, हे मले दिसतं. तुम्हीच काही रस्ता काढा. मासा काढला तसा."

पलीकडच्या वाफ्यातून रुपचंदभाऊ खोकले. दोन्ही प्रकारचे.

म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा बैठक बसली. त्याच ओसरीवर तीच माणसं, आणि ताटात तीच सुपारी. वच्छलाबाईने मुलाकडून देवापुढे शपथ घेतली होती, की विचारलं तेवढंच बोलेन. सुकदेवने शपथ घेतली, पण देवाची उत्पत्ती माणसाच्या इतिहासात कधी झाली असावी हे सांगून मग घेतली.

तोतारामने रस्ता काढला होता. कूळ एक निघालं, तर मुलीला दुसऱ्या कुळाच्या मांडीवर दत्तक द्यायची आणि त्या घरची लेक म्हणून लग्न लावायचं. ही रीत जुनीच होती, बहुतेक वेळा मामाची मांडी कामाला यायची. अडचण एवढीच होती, की मामाही माशाचाच.

"मासाना कुळबाहेरनं कोन शे, तेवढं सांगा मास्तर," तोताराम म्हणाला.

आता सर्वांनी डोकं लावलं. आबांनी विचारलं, गाय? गाईच्या मांडीवर दिली तर पुण्यही आहे. सुकदेवने मान हलवली, गाय माशाचीच. म्हैस? तीही. कावळा? पितरांचा पक्षी, तो तरी? कावळासुद्धा. नागोबा? नागोबासुद्धा, फक्त पाय हरवून बसलेला. तोतारामने बेडकाचं नाव काढलं आणि स्वतःच मागे घेतलं. आक्काबाई आतून म्हणाल्या, मुंगी? सुकदेव जरा थांबला आणि म्हणाला, हो, मुंगी माशाच्या कुळातली नाही. ओसरीवर सगळ्यांचे चेहरे उजळले. मग मुंगीच्या मांडीवर मुलगी बसवायची कशी, हा प्रश्न आला, आणि चेहरे विझले.

मळ्यावरून वारा आला आणि पानांचा फडफडाट झाला.

"आबा," आतल्या दारातून प्रमिलाचा आवाज आला. "केळ?"

सगळ्यांच्या माना वळल्या. दारातून मळा दिसत होता, ओळीने उभ्या असलेल्या केळी, घड सुटलेल्या, डोक्यावर पानं धरलेल्या. आबांनी जन्मभर ज्यांना पाणी दिलं त्या. पोरीवर मंगळ असला तर तिचं लग्न आधी झाडाशी लावतात, हे सर्वांना ठाऊक होतं. झाड नवरा होऊ शकतं, तर बाप का नाही?

रुपचंदभाऊंनी तोंड उघडलं. अनेक वर्षांत आबांसमोर पहिल्यांदा.

"मंग मी कोन?"

"तू तिले पाणी दे," आबा म्हणाले, आणि सुकदेवकडे वळले. "मास्तर. विचार करून सांगा. केळ माशाच्या कुळातली हाये का?"

सुकदेवने श्वास घेतला.

केळ माशाच्या कुळातली नव्हती. हे खरं होतं, निखळ खरं. पण त्याच्याही मागे, खूप मागे, माशाच्याही मूळपुरुषाच्या मागे, जिथे डोळे नव्हते, पानं नव्हती, पर नव्हते, नुसता एक थेंबाएवढाही नसलेला जीव पाण्यात तरंगत होता, तिथे केळ आणि मासा, पाटील आणि चौधरी, मुंगी आणि हत्ती सगळे एकाच उंबऱ्यातून निघाले होते. आणि ही गोष्ट इतकी सुंदर होती, की ती सुकदेवच्या जिभेच्या टोकावर येऊन बसली. त्याला कोणी ती विचारली नव्हती. पण त्याला आजवर कोणी काहीच विचारलं नव्हतं.

वच्छलाबाईने डोळे मिटून घेतले.

सुकदेवने दाराकडे पाहिलं. प्रमिला चौकटीला टेकून उभी होती. तिच्या तोंडावर काही नव्हतं, पण तिने वनस्पतिशास्त्राची दोन वर्षं काढली होती, आणि ती त्याच्याकडे असं बघत होती, की बघू या आता.

"नाही," सुकदेव म्हणाला.

ओसरी वाट पाहत राहिली. सुकदेवचं एक वाक्य कधी एकटं येत नाही, हे आता सर्वांना माहीत झालं होतं. त्याचे ओठ पुन्हा उघडले. आणि त्या उघड्या तोंडात, कोणी पुडा सोडायच्या आत, त्याने स्वतःच्या हाताने दोरा तोडून एक अख्खा पेढा कोंबला. मग दुसरा. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो चावत राहिला.

आबांनी सुपारी फोडली.

लग्न वैशाखात झालं. आदल्या दिवशी प्रमिलाला मळ्यातल्या विहिरीजवळच्या केळीच्या बुंध्याशी बसवली, खोडाला फेटा बांधला, आणि रुपचंदभाऊंनी, पाणी देणारा या नात्याने, तिच्यावर अक्षता टाकल्या. तोतारामने केळीची वंशावळ म्हटली. ती त्याला फार सोपी गेली, कारण केळ बियांवर लागत नाही, बुंध्याशी फुटणाऱ्या पिलावर लागते, आणि पील आईसारखंच निघतं. मळ्यातली केळ बसराई जातीची. बसराई, तिची बसराई, तिची बसराई, असं तो अर्धा तास म्हणत राहिला, आणि त्यात एकही चूक नव्हती. मांडवाला चारी कोपऱ्यांना केळीचे खांब लावले होते, ते आबांनी सकाळीच काढायला लावले. लग्नाच्या मांडवात मुलीच्या माहेरची चार प्रेतं उभी कशी करायची? पंगतीत शिकरण नव्हती. कोणी कारण विचारलं नाही.

पाठवणीत आबांनी आपली थोरली दाढ सुकदेवच्या हातात दिली. लोणच्यावर दुसरा दगड ठेवीन म्हणाले.

आता दोन दाढा मांडीवर घेऊन सुकदेव यावल-भुसावळ गाडीत बसला होता, शेजारी प्रमिला, पुढच्या बाकावर पेंगणारी वच्छलाबाई. एक गाव मागे गेलं. सुकदेवने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आईचं घोरणं ऐकून खात्री केली, आणि महिनोन्‌महिने पोटात धरून ठेवलेली गोष्ट अगदी हळू आवाजात बायकोच्या कानात सोडली.

"केळ आणि मासा," तो म्हणाला, "मागे जाऊन एकच आहेत. दीडशे कोटी वर्षांपूर्वी."

प्रमिला खिडकीतून बाहेर बघत होती. पुलाखालून नदी गेली, थोडं पाणी आणि बरीच वाळू.

"एकशे साठ," ती म्हणाली.